गाळलेल्या जागा

"तक्रार नाही वो मॅडम," महिपती कोष्टीनं खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. "व्हिडिओ लई झ्याक झालाय. बारक्या बहिणीला दाखवला, ती तर ढसाढसा रडली. फकस्त एक विचारायचं होतं."

कुमुद मगदूमनं मान वर केली. हळदीच्या जुन्या गोदामात थाटलेल्या त्या केंद्रात लोक रोज यायचे आणि बहुतेक रडूनच जायचे, त्यामुळं रडण्याचं तिला काही नवल उरलं नव्हतं. महापुरात निम्मी सांगली पाण्याखाली गेली होती. घरांबरोबर लोकांचे फोन, लग्नाच्या कॅसेटी, दुकानांतले कॅमेरे, सगळंच गाळात गेलं. भांडीकुंडी पुन्हा मिळतात, पण मेलेल्या माणसाचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार? म्हणून हे पूरस्मृती केंद्र निघालं होतं. गाळातून काढलेली वस्तू आणून द्यायची, आणि तिच्या पोटात जे काही असेल ते धुऊनपुसून परत न्यायचं. गोदामाच्या भिंतींना अजून हळदीचा वास होता, आणि ओल्या यंत्रांचा कुबट वासही त्यात मिसळला होता.

"विचारा की," कुमुद म्हणाली.

"त्यात आमची आई माझ्या पोरीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणती. आवाज लई ग्वाड हाय." महिपतीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर आमची आई मुकी होती. जल्मापासनं."

शेजारच्या टेबलावरचा अस्लम मुजावर फिस्सकन हसला. मग महिपतीचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं.

"दुसऱ्या कुणाच्या फोनमधला आवाज चिकटला असेल," कुमुद म्हणाली. "आम्ही बघतो आणि काढून टाकतो."

"काढू नका!" महिपती ताडकन उठला. "ऱ्हाऊ द्या की तसाच. पोरगी रोज ऐकती. मी आपलं नुसतं विचारलं." आणि अजून थांबलो तर ही बाई तो आवाज हिसकावून घेईल, अशा घाईनं तो निघूनही गेला.

कुमुदचं काम काय होतं ते इथं सांगितलं पाहिजे, कारण तिच्या सख्ख्या आईलाही ते कधी धड कळलं नव्हतं. कुमुद लायब्रऱ्या निवडायची. पुस्तकांच्या नव्हेत. जुना दस्तऐवज वाचणं, फोटो उघडणं, व्हिडिओ चालवणं, अशा एकेका कामाची अवजारं कुणीकुणी संगणकाच्या भाषेत लिहून ठेवलेली असतात, त्यांना या धंद्यात लायब्ररी म्हणतात. अशा लाखो लायब्रऱ्या जगाच्या एका सामायिक कोठारात पडून असतात. त्यांतली धड कुठली आणि बोगस कुठली, हे कुणीतरी पारखावं लागतं. केंद्र सुरू झालं तेव्हा भिजलेल्या, तुटक्या फायली उघडण्यासाठी कुमुदनं चांगल्या ढीगभर लायब्रऱ्या तपासल्या. कसोटी सरळ होती. फाईल उघडते का, चित्र अडखळतं का, आवाज तुटतो का, आणि घेऊन जाणारा कुरकुर करतो का. 'पूरक' नावाची लायब्ररी या कसोटीला पैकीच्या पैकी उतरली. पूरकमध्ये उघडलेली फाईल कधी अडखळलीच नाही.

आता कुणी म्हणेल, निम्मी फाईल गाळानं खाल्लेली असताना ती अडखळत कशी नाही, एवढा साधा प्रश्न या शिकल्यासवरल्या बाईला पडू नये? नाही पडला. दाराशी लोक बसून होते, वरून फोनवर फोन येत होते, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीत खोट कोण काढतं!

ती खोट काढायला तिनं त्या दिवशी बसकण मारली. महिपतीच्या आईची मूळ फाईल काढली, पूरकच्या पोटातली एकेक सोय उघडून बघितली, आणि तळाशी एक खटका सापडला. 'पूर्तता'. तो मुळातच चालू होता.

"अस्लम, ही पूर्तता म्हणजे काय रे?"

अस्लमनं वाकून वाचलं. "'वाचता न आलेल्या भागाची सुसंगत पूर्तता.' मला वाटलं होतं मॅडम, रंगबिंग भरत असेल."

रंग कसले! मूळ फाईलमधून खरोखर वाचता आलेला भाग नखाएवढा होता. एका बाईची मांडी, तिच्यावर बाळ, आणि हलणारा एक हात. आवाज नव्हताच. बाकी सगळं पूरकनं रचलं होतं. त्यानं आजवर कोट्यवधी व्हिडिओ पचवले होते. मांडीवर बाळ घेतलेल्या बाईच्या तोंडी पुढं काय येतं, हे त्याला त्यातून ठाऊक झालं होतं. त्यानं चेहरा घातला, ओठ हलवले आणि गळ्यात अंगाई घातली.

"शाळेत असायचं ना, गाळलेल्या जागा भरा," अस्लम हळूच म्हणाला. "तसंच की हे."

"तिथं निदान छापलेलं कुठलं आणि आपण भरलेलं कुठलं, ते दिसायचं तरी." कुमुदनं खटका बंद करून बघितला. पूरकनं फाईल उघडायलाच नकार दिला.

मग अस्लम म्हणाला, "मॅडम, आपल्या अण्णांचा..."

"गप्प बस," कुमुद म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचे वडील, शांतिनाथ मगदूम. उभी हयात त्यांनी एस.टी.त कंट्रोलर म्हणून काढली. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते पुकारायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर विसरायला लागले. आधी किल्ली, मग गल्ली, मग माणसं. कुमुदला ते 'बाई' म्हणू लागले आणि बायकोला तर काहीच म्हणेनात. शेवटी त्यांच्या गळ्यात ताईत घातला. सुपारीएवढा कॅमेरा असतो तो. माणसापुढं जे दिसेल, ऐकू येईल ते साठवतो आणि माणूस कुठं आहे ते घरी कळवतो. असले विसरभोळे म्हातारे आता घरोघर झाले होते, आणि त्या डबीला सगळीकडं ताईतच म्हणायचे.

महापुराच्या दिवशी सगळे धान्याची पोती माळ्यावर चढवत होते. मोबाईलचे मनोरे बंद पडले होते. त्या गडबडीत अण्णा दारातून बाहेर पडले ते पडलेच. पाणी ओसरल्यावर स्टँडजवळच्या चिखलात ताईत सापडला, माणूस नाही सापडला. कुमुदनं स्वतः तो ताईत पूरकमध्ये उघडला. त्यात पाणी चढत गेलं होतं, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. मग करडं आभाळ दिसलं आणि अण्णांचा आवाज आला, "पद्मा, घाबरू नकोस. माझं झालं. तू स्वतःला जप." त्यानंतर नुसतं पाणी.

तोच व्हिडिओ पुरावा म्हणून कचेरीनं मान्य केला. शोध थांबला, मृत्यूचा दाखला मिळाला, घरानं सुतक पाळलं, आईनं मंगळसूत्र उतरवलं. "माझं नाव घेतलं ह्यांनी," एवढंच ती म्हणाली. चार वर्षं बायकोला न ओळखणारा माणूस शेवटच्या घटकेला तिचं नाव घेऊन गेला, याचं सगळ्या भावकीला केवढं कौतुक! कोल्हापूरची मावशी खास ते ऐकायला आली होती. कुमुदही त्या एका वाक्याच्या आधारावर सहा महिने उभी होती.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. जे आहे तेवढंच दाखवणारी आणि जे नाही तिथं गप्प राहणारी लायब्ररी. तिनं कोठार धुंडाळायला घेतलं. शोधयंत्राला विचारलं की ते ढीगभर नावं पुढं टाकायचं, एकाहून एक गोजिरी. एक घेतली, तिनं अण्णांना पाण्यात बुडवलं. दुसरी घेतली, तिनंही बुडवलं आणि वर 'पद्मा'च्या जागी 'पद्मावती' घातलं. तिसरीत अण्णांनी हात जोडले.

"सगळ्यांच्या आत पूरकच आहे मॅडम," अस्लम दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला. त्यानं एकेक लायब्ररी उलगडून बघितली होती. "पाट्या वेगळ्या, भटारखाना एकच. नवीन कुणी लिहीतच नाही आता. पूरक उचलायचं, वर आपलं नाव चिकटवायचं."

"पूरकच्या आधी लोक काय वापरायचे?"

"ज्या वापरायचे, त्या आपण नापास केल्या की." अस्लमनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "काळे पट्टे येतात, आवाज तुटतो, ग्राहकाला मनस्ताप होतो. तुमचाच शेरा आहे."

तेव्हा शोध कोठारात घ्यायचाच नव्हता, नापासांच्या ढिगात घ्यायचा होता. तिथं 'निखळ' नावाची एक जुनाट लायब्ररी निघाली. लिहिणाऱ्यानं कित्येक वर्षांत तिला हात लावलेला नव्हता, आणि नव्या यंत्रांवर ती चालायला तयार नव्हती. तिच्यासाठी अस्लमनं अडगळीतला एक जुना संगणक आणला, पुसला, चार ठिकाणी शिव्या घालून सुरू केला. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी, गोदामाचं दार उघडायच्या आधी, कुमुदनं अण्णांचा ताईत निखळमध्ये घातला.

पडदा काळा झाला. मग आडवे पट्टे, मग पुन्हा काळं. वाचता आलेला तुकडा आला की चित्र उजळायचं आणि संपला की विझायचं. एका उजेडात रस्ता दिसला, घोट्याएवढं पाणी, पाण्यात माणसांचे पाय. आणि आवाज आला. खणखणीत, वैतागलेला, कुमुदनं लहानपणापासून ऐकलेला.

"मागं सरका! मागं सरका म्हणतो ना! पोरंबाळं आधी. गाडी लागल्याशिवाय कुणी चढायचं नाही."

कुमुदच्या तोंडून हुंदका फुटला. अण्णा लोकांना गाडीत बसवत होते! अंधार झाला. पुन्हा उजेड आला तेव्हा ट्रकचं लाकडी फळकूट होतं, ताडपत्री होती, आणि कुणीतरी म्हणत होतं, "आजोबा, तुम्हीबी चढा. द्या हात." मग इंजिनाची घरघर. एका बाईनं विचारलं, "नाव काय वो आजोबा तुमचं?" बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग अण्णा म्हणाले, "कंट्रोलर."

ट्रकला हिसका बसला. ताईताची दोरी फळकुटाच्या साखळीत अडकली असावी, कारण चित्र गरकन फिरलं, आभाळ खाली आणि रस्ता वर झाला. शेवटच्या उजेडात ट्रकची पाठ लांब जाताना दिसली. फळकुटाला धरून एक उंच म्हातारा उभा होता, ताडपत्रीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून. मग पाणी, मग काळं. त्यापुढं फाईलमध्ये काहीही नव्हतं.

ताईत बुडाला होता. पूरकला तेवढंच कळलं होतं. महापूर, म्हातारा, पाण्यात गेलेला कॅमेरा आणि ताईतात नोंदलेलं बायकोचं नाव, एवढ्यावरून त्यानं सगळं रचलं, त्याच्याशी न जुळणारे खरे तुकडे बिघाड समजून पुसले, आणि कुमुदनं त्यावर पसंतीची मोहोर उठवली.

"जिवंत होते," अस्लम म्हणाला. "मॅडम, ते गाडीत होते. जिवंत होते!"

"मग कुठं आहेत?" कुमुद ओरडली. "सहा महिने झाले, अस्लम! कुठं आहेत ते? आम्ही त्यांचं सुतक पाळलं रे!"

निवाऱ्यात पोचलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर ठेवला की नावगाव निघतं, हे तिला माहीत होतं. आणि मृत्यूचा दाखला निघाला की ती ओळख त्याच दिवशी बंद होते, हेही माहीत होतं. अण्णांनी त्यानंतर कुठंही अंगठा ठेवला असता तरी असा कुणी माणूसच नाही, असं यंत्रानं सांगितलं असतं. हे लक्षात आल्याबरोबर ती उठली आणि थेट घरी निघाली.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. कुमुदनं तिच्यापुढं बसकण मारली, सगळं सांगितलं, आणि निखळमधून निघालेला व्हिडिओ लावला. 'मागं सरका' ऐकल्याबरोबर आईनं सूप खाली ठेवलं. शेवटपर्यंत ती हलली नाही.

"हे हेच आहेत," ती म्हणाली.

"मग ते आधीचं... आई, ते सगळं खोटं होतं. तुझं नाव वगैरे, ते मशीननं घातलेलं. मला कळायला हवं होतं. मीच तुला ते दाखवलं."

आई सुपातले खडे बोटानं बाजूला सारत राहिली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"अगं, ह्यांनी जन्मात कधी माझं नाव घेतलं का? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. 'अगं ए', नाहीतर 'कुमुदची आई'. शहाणे होते तेव्हा घेतलं नाही, ते बुडताना घेतील होय? पद्मा म्हणे! सिनेमातला नवरा म्हणतो तसं. मला ऐकताक्षणी कळलं, हे ह्यांचं बोलणं नव्हे."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "चार वर्षं रात्रीची दाराची कडी धरून झोपले मी, हे बाहेर पडतील म्हणून. न्हाऊ घालताना त्यांनी मला ढकललं, चोर म्हणाले, परकी बाई घरात कशाला म्हणाले. तू कामावर जायचीस. मी बोलले नाही तुला. मग तू तो व्हिडिओ लावलास. सगळे म्हणाले, सुटला बिचारा. मला वाटलं, सुटले. ते नव्हे गं, मी." तिनं सूप बाजूला सारलं. "आणि नाव ऐकायला बरं वाटलं. खोटं का असेना. आता बोल काय बोलायचं ते."

कुमुद उठून आईशेजारी बसली आणि दोघी कितीतरी वेळ मोठमोठ्यानं रडल्या. मग आईनंच पदरानं तोंड पुसलं. "ऊठ. कुठं कुठं माणसं ठेवलीत ते बघ."

पुरात ओळख न पटलेल्या माणसांच्या छायाचित्रांची एक सामायिक जागा होती. प्रत्येक निवारागृहानं आपल्याकडच्या बेवारशांचे फोटो तिथं टाकायचे, अशी व्यवस्था होती. म्हाताऱ्या पुरुषांचेच शेकड्यांनी होते. आई पडद्याला नाक लावून एकेक चेहरा बघू लागली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"कुमुद, हे सगळे भाऊभाऊ आहेत का गं?"

कुमुद पडद्याजवळ सरकली. सगळ्यांची त्वचा तुकतुकीत होती, सगळ्यांचे डोळे सारखे ओलसर, गाल सारखे बसलेले. तिनं अस्लमला फोन लावला.

"निवाऱ्यातले फोन भंगार होते मॅडम, अंधारात काढलेले फोटो," अस्लम म्हणाला. "धुरकट यायचे. लोक तक्रार करायचे. म्हणून वरच्या कार्यालयानं आपलीच शिफारस उचलली आणि सगळे फोटो..."

"पूरकमधून काढले."

"आणि मूळ ठेवले नाहीत. जागा लागते म्हणून."

तिनं फोन ठेवला. हे चेहरे कुणाचेच नाहीत, हे आईला कसं सांगावं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात आईनं पडद्यावर बोट टेकवलं.

"हेच."

"आई, हे फोटो खरे नाहीत. नाक-डोळे सगळं मशीननं भरलंय. यावरून काही सांगता येत नाही."

"तू मशीनचं सांगू नकोस मला. पन्नास वर्षं बघितलंय हे तोंड. हेच आहेत." आई उठलीसुद्धा. तिनं कपाटातून अण्णांचं धोतर आणि सदरा काढला, पिशवीत भरला, आणि आरशापुढं उभं राहून सहा महिन्यांत पहिल्यांदा कपाळाला कुंकू लावलं. कुमुदनं तिला अडवलं नाही. कुठूनतरी सुरुवात करायचीच होती, आणि न जाणो, असलेच अण्णा तिथं, तर?

त्या फोटोखाली ज्याचं नाव होतं तो निवारा जतच्या पलीकडं होता, उघड्या माळावर. गाडी भाड्यानं करून दोघी सकाळी निघाल्या. वाटेत आई भरभरून बोलत होती. आता कडीला कुलूप घालू, न्हाव्याला घरीच बोलावू, ढकललं तर ढकलू दे, मी काय मोडते होय. आता गोळ्या वेळच्या वेळी द्यायच्या, गेल्या खेपेला मीच कंटाळा करत होते, असंही म्हणाली. कुमुद हूं हूं करत होती. निखळमधला तो उंच, मान वाकवलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

निवाऱ्याचा व्यवस्थापक ढोबळे म्हणून होता, दमलेला पण भला माणूस. "अंगठा लावला वो, काहीच येत नाही," तो म्हणाला. "या वयात रेघा झिजतात. बोलतबी नाहीत फारसं. आमच्याकडं असले पुष्कळ. पुराच्या वेळी कुठल्या कुठल्या ट्रकनं आणून सोडले, पुढं कुणाला कुठं हलवलं, कुणाचा कुणाला पत्ता नाही. तुमचे असतील तर न्या बाई. एक तरी माणूस घरी जाऊ दे."

शेडच्या सावलीत, सिमेंटच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. कुमुदला लांबूनच कळलं. तो बसका होता, रुंद खांद्यांचा. त्याचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. अण्णांना घरच्या दारातूनही वाकून यावं लागायचं. चेहरा म्हणाल, तर फोटोतल्याचा आणि याचा काडीचाही संबंध नव्हता. हा कुणीतरी दुसराच होता, दुसऱ्याच कुठल्या घरचा.

आई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "खंगलेत किती," ती म्हणाली. तिनं पिशवीतला सदरा काढून त्याच्या खांद्याला लावून बघितला. बाह्या हातभर लांब झाल्या. "काय हाल झाले हो तुमचे. जेवायला घालतात का इथं?"

म्हाताऱ्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. मग त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं.

"आलीस होय गं?" तो म्हणाला. "किती उशीर."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चार वर्षांत तिला असं कुणी ओळखलं नव्हतं. ती त्याच्याशेजारी बाकावर बसली आणि त्याचे केस बोटांनी नीट करू लागली. तो लहान पोरासारखा डोळे मिटून बसून राहिला.

ढोबळे हातात यंत्र घेऊन कुमुदजवळ आला. "ताई, ओळख पटली ना? जवळच्या नातेवाइकानं हो म्हणायचं, म्हणजे यांचं नाव चढतं. मग तो दाखलाबिखला रद्द होईल, सगळं सुरळीत होईल."

कुमुदला सुरळीतचा अर्थ कळत होता. ती हो म्हणाली की शांतिनाथ मगदूम सापडले. कचेरी कागद मिटणार, आई कडी लावून सुखानं झोपणार, या परक्या म्हाताऱ्याला घर मिळणार, आणि कुणाचीही तक्रार राहणार नाही. फक्त, अण्णा कुठल्या शेडखाली बसले असतील तर त्यांना शोधणारं जगात कुणी उरणार नाही. याला शोधत असलेलंही कुणीतरी असेल, तेही मग शोधतच राहील. आणि नाही म्हणावं, तर आईच्या हातातून हा पदर धरलेला हात सोडवायचा. त्याच्या बदल्यात तिला द्यायचं काय? नुसती काळी जागा, कदाचित मरेपर्यंत.

"आई," ती म्हणाली, "जरा नीट बघ ना. उंची बघ."

आईनं बघितलं नाही. तिनं अण्णांचा सदरा त्या म्हाताऱ्याला चढवला होता आणि त्याची बाही ती दुमडत होती, एक घडी, मग दुसरी, मनगटापर्यंत येईपर्यंत. मग तिनं वर पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते कुमुदला ओळखता येईना. तिला खरंच फरक दिसत नव्हता, की तो बुडतानाचा व्हिडिओ बघितला त्या दिवशीसारखं या वेळीही सगळं ठाऊक होतं?

"अशी बघत काय उभी राहिलीस? तूच तपासतेस ना सगळं? तू सांग," आई म्हणाली. "हेच ना गं?"